समजाकाकांचा चारचा डबा

समजाकाकांना दुसरी नोकरी लागली ती काळजी करण्याची. थट्टा नाही. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी आणि उरलेला सगळा वेळ काळजी. तीही मन लावून, कुणी पाठीवर थाप मारून "अहो, एवढं काय त्यात" न म्हणता. उलट शेजारी बसून एक माणूस ती काळजी लिहून घ्यायचा आणि वर "अजून काही, काका?" असं विचारायचा. नशीब उघडायचंच म्हटलं की ते असंही उघडतं.

पहिली नोकरी एकतीस वर्षांची. आग विझवायची ती लाल नळकांडी असतात ना, शाळेत, दवाखान्यात, गोदामात भिंतीला लटकलेली, ज्यांच्याकडे आपण जन्मात ढुंकून बघत नाही, त्यांचे काका तपासनीस. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, नळीत कोळ्याने संसार थाटलाय का, हे बघायचं. नळकांड्याच्या गळ्यातल्या कार्डावर आजची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख घालायची, सही ठोकायची आणि पुढच्या भिंतीकडे वळायचं. या कामात माणसाने वाईटच चिंतायचं असतं. "पण समजा, इथे आग लागली, आणि समजा, नेमकं तेव्हाच हे कपाट दारापुढे सरकवलेलं असलं..." असं म्हणतच काका कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले. लोकांनी त्यांचं खरं नाव केव्हाच विसरून त्यांना समजाकाका करून टाकलं.

एकतीस वर्षं काळजीला असं बाहेर काम होतं. काका निवृत्त झाले आणि ती घरी येऊन बसली. गॅसचं बटण तीनदा, दाराचं कुलूप चारदा. गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनवर. एकदा तर इतके आधी पोचले की फलाटावर आधीची गाडी उभी होती. आपण चुकून हिच्यातच चढलो तर, या धास्तीने ते लांब जाऊन बाकावर बसले, आणि तिथून उठेपर्यंत त्यांची खरी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. काकांच्या वैऱ्याला तर करायला कामच उरलं नव्हतं.

काकूंचं सगळं उलटं. त्या पोहायला शिकवायच्या. तीस पोरं खोल पाण्यात सोडून काठावर तोंडात शिट्टी धरून निवांत उभी राहणारी ती बाई. उशीला डोकं टेकलं की झोप. "अहो, झोपा आता," असं म्हणायच्या तेव्हा 'आता' उच्चारायच्या आधीच त्या झोपलेल्या असायच्या.

आणि एकुलती एक मुलगी आईवर गेली, ती थेट आईच्याही पुढे. तीन वर्षांची असताना कपाटावर चढून बसली होती, तेव्हापासून घरात तिला खारू म्हणायचे, खारीवरून. काकांनी तिच्या सायकलची सीट मागून धरली ती धरलीच. अकराव्या वर्षी तिने मागे वळून म्हटलं, "बाबा, सोड ना आता, माझ्या मैत्रिणी हसतात." तेव्हा कुठे सोडली, आणि तेव्हाही मागून धावत राहिले. तिचं पहिलं पाऊल, पहिला दात, पहिली शर्यत, पहिला पगार, पोरीचं पहिलंवहिलं काहीही काकांनी चुकवलेलं नाही. आणि या पोरीने पोट भरायला काय निवडावं? दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायच्या! काकांच्या घरात! म्हणजे दिव्याखाली अंधारच की.

त्या कामाला परवाना लागतो. परवान्याला परीक्षा. चौदा मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून दोरावर उतरायचं, उतरता उतरता काचा पुसायच्या, चाळीस मिनिटांत जमिनीला पाय लावायचे. काका अर्थातच बघायला गेले. खारू गच्चीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकणार एवढ्यात खालून काकांचा आवाज चौदा मजले चढून गेला, "अगं खारू! पण समजा, गाठ सुटली तर?"

खारूने गाठ बघितली. गाठ चांगली होती. मग तिने ती पुन्हा बघितली. मग तिसऱ्यांदा. कठड्यावर बसून ती गाठच बघत राहिली, आणि परीक्षकबाईंनी वहीत फुली मारली.

घरी आल्यावर ती रडली नाही, ओरडली नाही. बूट काढता काढता एवढंच म्हणाली, "सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे. बाबा, तू यायचं नाहीस." ते वाक्य काकांच्या वर्मी लागलं. पोरगी नापास झाली ती आपल्या तोंडामुळे, आणि आता तिचं सगळ्यात मोठं पहिलंवहिलं काम आपल्याशिवाय होणार. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना दंडाला धरून मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी काकांना पन्नास मिनिटं ऐकून घेतलं. एरवी त्या अर्ध्या तासात घड्याळाकडे बघायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "काका, सोमवारपासून कामाला याल का?"

झालं होतं असं, की डॉक्टरबाई काळजीखोर लोकांसाठी मोबाइलचं अ‍ॅप बनवत होत्या. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चार टेबलं, एक चहाची किटली आणि एक प्रोग्रामर. प्रोग्रामर दाढीवाला, गोरागोमटा आणि कमालीचा निश्चिंत. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "झालंच!" त्याचं नावच झालंच पडलं होतं. डॉक्टरबाई स्वतः थंड डोक्याच्या. आता दोन निश्चिंत माणसांनी काळजीचं औषध करायचं म्हणजे दोन टकल्यांनी कंगवा बनवण्यासारखंच. त्यांना एक खराखुरा, अस्सल, रोजचा काळजीवाला हवा होता.

काकांनी पहिल्याच दिवशी अ‍ॅपची दाणादाण उडवली. पडद्यावर एक निळं वर्तुळ होतं. ते मोठं झालं की श्वास आत घ्यायचा, लहान झालं की सोडायचा. काकांनी श्वास आत घेतला आणि तोंड मिटून, गाल फुगवून, डोळे मोठे करून झालंचकडे बघत बसले.

"काय झालं काका?"

काकांनी भस्सकन श्वास सोडला. "पण समजा, मी श्वास आत घेतला आणि बॅटरी संपली तर? सोडायचं कुणी सांगायचं?"

झालंचने डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी वही उघडली. त्या दिवसापासून निळ्या वर्तुळाखाली बारीक अक्षरात एक ओळ आली, 'मध्येच फोन बंद पडला तर श्वास सोडून द्यावा.' हसू नका. पुढे चाचणीतल्या अकरा लोकांनी आपणहून कळवलं की ही ओळ वाचून त्यांना फार बरं वाटलं.

मग समुद्राच्या लाटांचा आवाज आला. मन शांत करायला. काका तीन मिनिटं ऐकून उठले आणि मोरीचा नळ बघून आले. मग 'आज तुमची शांतता बासष्ट टक्के' असं सांगणारा आकडा आला. उरलेले अडतीस टक्के कुठे गेले, या विचाराने काकांची तहानभूक हरपली. आकडा गेला. रोज सकाळी 'आज तुम्ही शांत झालात का?' असं विचारणारी घंटी आली. शांत झालोच नाही तर? घंटी गेली. दोन महिन्यांत काकांनी अ‍ॅपमधल्या शांत करणाऱ्या तेरा गोष्टी काढायला लावल्या आणि अ‍ॅप खरोखरच बरंच शांत झालं.

एरवी काकांच्या बोलण्याला लोक कंटाळायचे. इथे झालंच ते टिपून घ्यायचा. काका रोज इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. काकू म्हणायच्या, "अहो, काळजी करायला निघालात की मिरवायला?" काका नुसते हसायचे. खरं सांगायचं तर त्यांना इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. पण घरी परत आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खारूने लाल पेनाने केलेला गोल दिसायचा, परीक्षेच्या तारखेचा, आणि काका उरलेले दिवस बोटांवर मोजायचे.

डब्याची कल्पना काकांचीच. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "डॉक्टरबाई, मी नळकांडं दिवसभर बघत बसायचो का? नाही. कार्डावर तारीख घालायचो. तारीख आली की बघायचो. तोवर ते भिंतीवर आणि मी माझ्या कामावर. काळजीला तारीख नको का द्यायला?"

डॉक्टरबाईंचा घास हातातच राहिला. त्यांच्या शास्त्रात असंच काहीसं होतं म्हणे, पण ते त्यांनी जाड पुस्तकात वाचलेलं, आणि काकांनी भिंतीवर बघितलेलं. ठरलं. अ‍ॅपमध्ये एक डबा. मनात काळजी आली की ती डब्यात लिहून टाकायची. डब्याचं झाकण बंद. चार वाजेपर्यंत उघडत नाही, डोकं आपटलंत तरी नाही. चार वाजता उघडतो. मग दहा मिनिटं मनसोक्त काळजी करायची. प्रत्येक काळजीखाली एक रिकामी ओळ, 'याचं काय करता येईल?' ती भरायची. चार वाजून दहा मिनिटांनी झाकण परत बंद.

चाचणीला डॉक्टरबाईंच्या ओळखीपाळखीतले साठ लोक घेतले. नावं नाहीत, नुसते आकडे. सतरा नंबर काकांचा. त्यांच्या डब्यात रोज एकच काळजी पडायची, 'माझी मुलगी दोरावर उतरते. दोर तुटला तर?' आणि खालची ओळ रोज कोरी राहायची. काय करता येईल? काय करता येणार, कपाळ! दोर त्यांच्या हातात नव्हता आणि पोरगीही नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात झालंचने घोटाळा केला. एक माणूस चाचणीतून गळला आणि त्याच्या जागी नवा आला. झालंचने त्याला यादीत अगदी वर टाकला. "दोन मिनिटांचं काम! झालंच!" झालं खरं, पण लोकांचा रकाना एक घर खाली सरकला आणि काळज्यांचा जागच्या जागी राहिला. आता ज्याला सगळं आपोआप होतं असं वाटतं, त्यालाच ही चूक जमते. काकांनी केलं असतं तर चारदा तपासलं असतं आणि जगावर मोठे उपकार राहून गेले असते.

चार वाजले. साठ डबे उघडले. आणि प्रत्येकाच्या डब्यात शेजारच्या आकड्याची काळजी!

काकांनी डबा उघडला तर आत दोर नाहीच. आत लिहिलेलं, 'उद्या मुलाच्या शाळेत मला पाच मिनिटं बोलायचं आहे. माझा आवाज चिरका आहे. सगळे हसतील.'

काकांना आधी वाटलं, फोन कुणी बदलला. मग त्यांनी ते परत वाचलं. आणि त्यांना एक विलक्षण गोष्ट जाणवली. त्यांना काहीही झालं नाही. ना छाती धडधडली, ना घशाला कोरड पडली. एवढंच? अरे, एवढंच? बोटं आपोआप खालच्या ओळीवर गेली, 'पहिलं वाक्य मोठ्याने बोला. हसायचं ते तिथेच हसून घेतील. उरलेली पावणेपाच मिनिटं तुमची.' लिहून झाल्यावर ते स्वतःवर इतके खूश झाले की दुसरी काळजी शोधू लागले.

चार वाजून सहा मिनिटांनी झालंच किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "डॉक्टर, सगळं सरकलंय! याचं त्याला, त्याचं हिला!"

डॉक्टरबाई पांढऱ्याफटक पडल्या. "लोकांच्या मनातलं आपण दुसऱ्यांच्या हातात दिलं? बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!" त्यांनी त्याच मिनिटाला साठही लोकांना चुकीची कबुली आणि माफी लिहून पाठवली. मग तिघं टेबलाभोवती बसून टेलिफोनकडे बघत राहिले. आता शिव्या येणार. आभाळ कोसळणार. काकांना मनातून थोडं बरंही वाटत होतं, कारण या एका क्षणी खोलीतले बाकीचे दोघेही त्यांच्यासारखेच झाले होते.

टेलिफोन वाजला. डॉक्टरबाईंनी उचलला, आणि पलीकडून कुणीतरी खदाखदा हसत होतं. बसचालक होता. तो म्हणाला, "बाई, माझ्या डब्यात एकजण लिहितो की त्याचा फ्रीज रात्री गुरगुरतो, स्फोट होईल का? मी लिहिलं, माझा अकरा वर्षं गुरगुरतोय, आम्ही त्याला आजोबा म्हणतो. बाई, माझी काळजी कुणाला गेली? काय उत्तर दिलं हो त्याने? सांगा ना!"

दुसरा फोन. तिसरा. संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. डॉक्टरबाई ज्याचं त्याला आलेलं उत्तर वाचून दाखवू लागल्या. एकीला भीती होती, शेजारीण आपल्याशी तुटक का बोलते. तिला उत्तर आलं होतं, 'तिचा दात दुखत असेल. माझा दुखतो तेव्हा मी नवऱ्याशीही बोलत नाही.' आणि बाई शहानिशा करायला गेल्या तर शेजारणीचा गाल सुजून भोपळा झालेला! एकाला वाटायचं, साहेब आपल्याला काढणार. त्याला उत्तर, 'माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. मलाच वाटतं, मला काढतील. तुमच्या साहेबाला एकदा चहा विचारा.' डॉक्टरबाई वाचत होत्या आणि डोळे पुसत होत्या. झालंच टेबलाखाली बसून हसत होता. काका खोलीभर येरझाऱ्या घालत प्रत्येक उत्तराला "वा! वा!" म्हणून दाद देत होते. स्वतःची काळजी प्रत्येकाला डोंगराएवढी, आणि शेजाऱ्याची? ती तर चार पायऱ्या उतरून सोडवता येते! साठ बुडणाऱ्या माणसांनी एकमेकांना काठावर खेचून काढलं होतं, आणि कुणी कुणाचं नावही विचारलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मात्र कडक नियम केला. ज्याने आपणहून हो म्हटलं त्याचीच काळजी दुसऱ्याकडे जाईल, आणि ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. साठातल्या त्रेपन्न लोकांनी त्याच दिवशी हो म्हटलं.

सगळी धांदल ओसरल्यावर काकांना आठवलं. आपली काळजीही कुणाकडे तरी गेली असणार! त्यांनी घाईघाईने झालंचच्या पडद्यावर आपला सतरा नंबर उघडून बघितला. 'माझी मुलगी दोरावर उतरते. दोर तुटला तर?' आणि खालची ओळ, इतके दिवस कोरी राहिलेली, भरलेली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'दोरातलं मला कळत नाही. पण तुमच्या मुलीला कळत असेल. तिला विचारलंत का?'

विचारलंत का म्हणजे काय? शंभरदा विचारलंय! काका तावातावाने उत्तर लिहायला बसले आणि मध्येच थांबले. शंभरदा विचारलं होतं, ते खरं. उत्तराला एकदाही थांबले नव्हते.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काकांनी घसा साफ केला. "खारू, पण समजा, दोर कठड्याला घासला तर?"

खारूने मान वर न करता म्हटलं, "सुरू झालं."

पण पुढचं 'समजा' आलं नाही. काका ओठ मिटून बसले होते. खरोखर वाट बघत होते. खारूने वर बघितलं. काकूंनी चमचा खाली ठेवला. मग खारू उठली, आत गेली आणि आपली अवजड पिशवी घेऊन आली. ताटं बाजूला सारली. टेबलावर दोर, पट्टे, कड्या, ब्रेक सगळं मांडलं आणि रबराचा एक जाड तुकडा काकांच्या हातात दिला. "हा कठड्यावर, दोराच्या खाली घालतात. घासून बघ." काकांनी घासला. नखाने ओरबाडला. मग दोराचा पीळ उलगडून बघितला, कड्यांची स्प्रिंग दाबून बघितली, ब्रेक उलटा करून त्यावरचा तपासणीचा शिक्का वाचला. एकतीस वर्षांचा तपासनीस होता शेवटी! वाढलेलं अन्न गार झालं, पण बापलेक टेबलावरून उठेनात. काकू केव्हाच जाऊन झोपल्या.

पिशवी भरताना खारू म्हणाली, "गुरुवारी दहा वाजता आहे. यायचं तर ये. पण तोंडातून एक शब्द नको, बाबा. एकही नाही."

"नाही बोलणार," काका म्हणाले.

गुरुवारी काका नऊलाच चौदा मजल्यांच्या इमारतीखाली उभे. वरून काही पडलं तर म्हणून इमारतीपुढची जागा दोरी लावून अडवली होती. दोरीच्या बाहेर काकू, त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा. शेजारी त्याच परीक्षकबाई, तीच वही, एका हातात वॉकीटॉकी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते. विश्वास नव्हताच स्वतःवर.

दहा वाजता खारूने कठड्यावरून पाय बाहेर टाकले. काका गप्प. ती अलगद खाली आली. तेरावा मजला, बारावा. बादलीत काच पुसायची पट्टी बुडवायची, काचेवरून एक लांब हात, दुसरा लांब हात, खाली. काका गप्प. अकराव्या मजल्यावर जरा पुढे आलेला छज्जा होता. तो ओलांडायच्या आधी खारूने जागा बघायला म्हणून खाली पाहिलं, आणि तिला बाप दिसला. तोंडावर दोन हात, डोळे ताणलेले, पुतळ्यासारखा गप्प.

खारू थांबली. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं. पट्टी हातात तशीच. वाऱ्याने दोर थोडा हलला आणि तिने छज्ज्याची कड घट्ट पकडली. परीक्षकबाईंनी पेन उघडलं.

वॉकीटॉकी खरखरली. खारूचा आवाज कापत होता. "बाबा गप्प का आहे? काय दिसतंय त्याला?"

परीक्षकबाईंना काही कळेना. काकू मात्र बिस्किट चावता चावता म्हणाल्या, "अहो, हा माणूस जन्मात कधी गप्प बसलेला नाही. तो गप्प झालाय म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर दिसतंय, असं वाटलं असेल तिला. मलाही मघापासून तसंच वाटतंय."

"उमेदवाराने खालच्या माणसाशी बोललेलं चालतं," परीक्षकबाई म्हणाल्या आणि वॉकीटॉकी काकांच्या हातात कोंबली. "बोला. छत्तीस मिनिटांपैकी सव्वीस उरलीत. माफ करा, चाळीसपैकी. तुम्ही मलाही गोंधळात पाडलंत."

काकांनी तोंडावरचे हात काढले. "खारू..."

"बाबा, काय दिसलं तुला? सांग. खरं सांग."

"काही नाही गं. तूच नको म्हणालीस ना बोलायला."

"मग आता बोल! तुझे सगळे समजा सांग. एक न ठेवता."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. काकांनी खोल श्वास घेतला आणि सुरुवात केली. "समजा, दोर कठड्याला घासला तर?"

"खाली रबर आहे. मीच घातलंय. तूच नखाने ओरबाडलंस ना." आवाज अजून कापत होता, पण छज्ज्यावरचा हात सुटला होता.

"समजा, तरी तुटला तर?"

"दुसरा आहे. वेगळ्या खांबाला." तिने छज्जा ओलांडला. दहावा मजला.

"समजा, बादली पडली तर?"

"पट्ट्याला बांधलीय. आणि बाबा, तू अडवलेल्या जागेच्या आत उभा आहेस. मागे हो!"

काका उडी मारून मागे झाले. काकू हसल्या. परीक्षकबाईंनी तोंडापुढे वही धरली. "समजा, साबणाने हात निसटला तर?"

"ब्रेक आपोआप लागतो. हे बघ." आणि नवव्या मजल्यावर पोरीने दोन्ही हात सोडून दिले.

"नको!" काका किंचाळले, पण ती जागच्या जागी लटकून हात हलवत होती. हसत होती. तिचं हसू वॉकीटॉकीतून आलं आणि वरूनही थेट ऐकू आलं.

"समजा, कबुतर आलं?"

"येऊ दे."

"समजा, आतून कुणी खिडकी उघडली?"

"या उघडतच नाहीत."

"समजा, शिंक आली?"

"सातव्या मजल्यावर येऊन गेली. काही झालं नाही."

आता फुटपाथवर माणसं जमली होती. काका त्वेषाने विचारत होते, खारू वरून फटाफट उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराला एक काच लख्ख होऊन मागे राहत होती. समजा, चक्कर आली तर? गच्चीवरचा माणूस खेचून घेईल. समजा, वरच्यालाच चक्कर आली तर? वर दोघं आहेत. समजा, भूक लागली तर? लागलीच आहे, आईला सांग पुडा संपवू नकोस. सहावा मजला, पाचवा, चौथा. "समजा..." काका म्हणाले.

"बोल."

"समजा..."

खारू तिसऱ्या मजल्यावर आली होती. काकांनी मनाचे सगळे कोपरे धुंडाळले. उघडं राहिलेलं दार, पेटलेला गॅस, सुटलेली गाठ, चुकलेली गाडी, सगळीकडे जाऊन आले. कुठेच काही नव्हतं.

"बाबा? आहेस ना?"

"आहे."

"मग बोल की."

"संपले गं," काका म्हणाले. आणि त्यांचं त्यांनाच इतकं नवल वाटलं की त्यांनी परत एकदा सांगितलं, "खरंच संपले."

खारू वरून खळखळून हसली. वॉकीटॉकी हातात धरून काका नुसते बघत राहिले. आजवर ते दोराकडे बघत आले होते, गाठीकडे, कड्यांकडे. आज बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं, तेव्हा त्यांना पोरगी दिसली. पायाने भिंतीला अलगद रेटून ती बाजूला झुलायची, पट्टी काचेवरून एका दमात वरून खाली ओढायची, कोपऱ्यात मनगटाला छोटासा झटका द्यायची, आणि काचेत आभाळ जसंच्या तसं उमटायचं. मागे कसली रेघ नाही, थेंब नाही. किती सुंदर काम करत होती! अशी ती कितीतरी महिने करत असणार, आणि बापाने एकदाही बघितलं नव्हतं.

तिचे बूट जमिनीला लागले तेव्हा तीन मिनिटं शिल्लक होती. परीक्षकबाईंनी सही केली. खारू ओले हातमोजे काढत थेट काकांपाशी आली आणि त्यांचा चेहरा बघून थबकली.

"बाबा, रडतोयस काय? झाले ना पास!"

काकांनी बाहीने डोळे पुसले. इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली. "त्याचं नाही गं, गधडे," ते म्हणाले. "काय झकास पुसतेस काचा! मला माहीतच नव्हतं."